मानाची थाळी

प्रिय तृप्ती,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील. रोज व्हिडिओ कॉलवर गोटूचे गाल बघणाऱ्या बाईला एकाएकी पत्र लिहायचं काय सुचलं, असं मनात आलंच असेल. सगळे खुशाल आहोत, आधी एवढं वाच आणि मग पुढे जा. फोनवर हे बोलता आलं नसतं. एक तर ललित घरात असला की त्याचे कान स्वयंपाकघरात असतात, आणि दुसरं म्हणजे तू ‘आई, तू पण ना’ म्हणून हसून विषय बदलतेस. पत्राला मधेच तोडता येत नाही. इतकी वर्षं शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं, ते कधीतरी स्वतःच्याही कामी यायला हवं. एकटी असशील तेव्हा वाच. निरंजनरावांना नंतर दाखव.

त्रिपुरी पौर्णिमा तोंडावर आली. तुम्ही तिघं नाशिकहून येणार, गोटूचा नवस फेडायचा, हे दिवाळीच्या आधीच ठरलं आहे. नवस माझाच. तुझी कूस उजवत नव्हती तेव्हा घाटावर उभी राहून मीच तापीमाईला बोलले होते, की नातवंड दे, तराफ्यावरून मामाच्या हाती देईन. जावयांना यातलं काही ठाऊक नसणार, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. केळीचे खुंट एकमेकांना बांधायचे, वर धुवट कापड घालायचं, त्यावर लेकरू ठेवायचं. गुडघाभर पाण्यात आईनं हलकेच ढकलायचं आणि चार हात अंतरावर उभ्या असलेल्या मामानं उचलून छातीशी धरायचं. तेवढ्या वेळात घाटावरच्या सगळ्या बायका थाळ्या वाजवतात, म्हणजे नदीला कळावं की हे तिनं दिलंय आणि आम्ही परत घेतोय. पहिली थाळी आपल्या घरची. ती वाजल्याशिवाय गावात दुसरी वाजत नाही. तुझे बाबा होते तोवर ते वाजवायचे, आता ललित. गोटूचा मामाही तोच, म्हणून पहिला ठोका देऊन थाळी पायरीवर ठेवायची आणि मग लेकराला उचलायचं.

ललितची टूर कशी जोरात चाललीय ते तू मोबाइलवर बघतेसच. नेपानगरची नोकरी सोडून हा गाइड होणार म्हणाला तेव्हा मी कपाळाला हात लावला होता, पण पोरगं बोलघेवडं, चाललं त्याचं. सकाळी इच्छापूरला इच्छादेवीचं दर्शन, पायऱ्या चढताना धाप लागलेल्या पाहुण्यांना मागून हा गोष्टी सांगत येतो. मग गावात दोन-तीन देवळं, दुपारी आपल्या केळीच्या बागेत पानावर जेवण आणि वर मावा जिलबी. संध्याकाळी डोहात मोटारबोटीतून मगरी. देवळं सगळीकडे असतात, माणसं येतात ती मगरींसाठी. भुसावळ, जळगाव, इंदूरकडून येतात. गळ्यात माइक अडकवून हा सांगतो की मगर हे तापीमाईचं वाहन, म्हणून ती आरतीला येते. मी म्हटलं, अरे, ते नर्मदेचं, तू उचलून तापीला कधी दिलंस? तर म्हणे, ‘आई, पब्लिकला कुठे माहीत आहे?’ तापीला बिचारीला विचारतो कोण!

गणपती झाल्यावर एकदा त्यानं मलाही नेलं. आरतीला खणखणीत आवाजाची बाई हवी होती. खरं सांगायचं तर मला फार हौस वाटली, जरीकाठी नेसून गेले. दिवसभर मजेत होते. तो देवळाच्या पायऱ्यांवर म्हाताऱ्यांचे हात धरत होता, कोणाच्या पोराला पाणी देत होता. मला बाई अभिमान वाटला. ऊन कलल्यावर बोट डोहात नेली आणि कौतिकनं इंजीन बंद केलं. कौतिक नावाडी, आपल्या बागेत पाणी धरायचा तोच. मग ललितनं पिशवीतून थाळी काढली. आपली थाळी, तृप्ती. काशाची, काठाला पोचा असलेली, देव्हाऱ्यामागे खिळ्याला टांगलेली असते ती. खिळा रिकामा आहे हे मी बरेच दिवस बघत होते, मला वाटलं कल्हईवाल्याकडे दिली असेल. काशाला कल्हई कशाला, हेही मला सुचलं नाही.

मी आरती म्हणायला लागले, त्यानं थाळीवर ताल धरला. पाहुणे सगळे पुढच्या बाजूला मोबाइल उंचावून उभे. मी एकटी मागे तोंड करून होते, कारण मला पुढचं ऊन सहन होत नव्हतं. कौतिक मागच्या बाजूला वाकून बादलीतून काहीतरी पाण्यात सोडत होता. वासानं कळलं. कोंबडीच्या दुकानातलं उरलंसुरलं, आतडी आणि मुंडकी. आणि मग त्या आल्या. आवाज नाही, खळबळ नाही. पाण्यावर आधी काही नव्हतं आणि मग होतं. एक तर बोटीच्या इतकी जवळ की तिच्या पाठीवरचं शेवाळ दिसलं. पुढे टाळ्या पडत होत्या, कोणी ‘तापी मैया की जय’ ओरडलं. माझी आरती मधल्या कडव्यात थांबली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. घरी येताना मी ललितला म्हटलं, हे बरं नव्हे. तो म्हणाला, सगळीकडे असंच करतात, साइटिंग झाली नाही तर माणसं शिव्या घालतात. मीही विषय सोडला, म्हटलं डोह गावापासून लांब आहे.

पण बंधारा झाल्यापासून पाणी तुटत नाही, हे तू आली नाहीस म्हणून तुला माहीत नसेल. पूर्वी डोह आणि आपला घाट यांच्या मधे खडक उघडे पडायचे, तुम्ही दोघं त्यावर चिंचा खात बसायचात. आता ते खडक बुडाले. डोहापासून घाटापर्यंत एकच पाणी आहे, गुळगुळीत. बोटीला ते सोयीचं पडतं.

नवरात्रात देवळाची भांडी घासायला मी आणि मालूबाई घाटावर गेलो होतो. मालूबाई म्हणजे केळीचे घड वाहायला येते ती, तुझ्या लग्नात जिनं मांडवात नाचून सगळ्यांना हसवलं होतं. दिवे लागायची वेळ होती. तिचं पिवळं कुत्रं पाण्यात उभं राहून पाणी पीत होतं. तिनं घासलेल्या दोन थाळ्या एकावर एक ठेवल्या, ठण्ण आवाज झाला, हातातून निसटून परत एकदा झाला. मी पाण्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं. समोरच्या काठाकडून एक रेघ निघाली आणि सरळ आमच्याकडे आली. घाईनं नाही, बोलावल्यावर कामाची बाई येते तशी. मी मालूबाईच्या दंडाला धरून वर ओढलं. कुत्र्याला ओढायला कोणी नव्हतं. ते ओरडलंसुद्धा नाही. मालूबाई कितीतरी वेळ पायरीवर बसून एकच बोलत होती, ‘पानी हाललं वं मास्तरीनबाई, वारा तं नव्हता.’ त्या दिवसापासून ती नदीवर जात नाही, अंगणातल्या नळावर धुणं धुते. लोक म्हणतात, कुत्रं धारेला लागलं. बंधाऱ्याच्या थांबलेल्या पाण्याला धार कुठून येणार?

मी कौतिकला गाठलं. आधी त्यानं मान वर केली नाही. मग म्हणाला, ‘काकू, त्यायले थाळीची सवय लागली आता. म्या बादली नाही नेली तरी येतात.’ इंजिनाला येत नाहीत, माणसांच्या आवाजाला येत नाहीत, थाळीला येतात. एकदा लग्नाचं वऱ्हाड बोटीत होतं, त्यांनी हौसेनं स्टीलची ताटं बडवली, तर त्यालाही आल्या. ललितला हे सांगितलंस का, असं विचारलं तर म्हणाला, ‘भाऊले माहीत हाय.’

भाऊले माहीत हाय. हे तीन शब्द घेऊन मी घरी आले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी ललितला समोर बसवलं. पौर्णिमेला सगळं गाव घाटावर असेल, शेकडो बायका गुडघाभर पाण्यात दिवे सोडत असतील, सगळ्यांच्या हातात थाळ्या, आणि मधे तराफ्यावर आपला गोटू. तुला दिसत नाही का, म्हटलं. त्यानं माझा हात हातात घेतला, लहानपणी घ्यायचा तसा. म्हणाला, ‘आई, टेन्शन नको घेऊ ना. त्या आपल्या पाळलेल्या आहेत. आणि त्या दिवशी मी त्यांना काही टाकणारच नाही, मग येतीलच कशाला?’ तृप्ती, शिकलेला पोरगा. त्या दिवशी त्या उपाशी असतील, एवढं त्याला कळत नाही? मला वाटतं कळतं. पण त्यानं त्या संध्याकाळची बोट आधीच भरली आहे. ‘तापीमाईचा नवस, बोटीतून बघा’ अशी जाहिरात केली आहे. त्यात तुझ्या गोटूचा फोटो आहे, झबल्यातला. तुला विचारलं होतं का त्यानं?

मी गावातही बोलून पाहिलं. यंदा थाळ्या नकोत, नुसत्या टाळ्या वाजवू, असं बायकांना सांगितलं तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. थाळीशिवाय नदीला कळणार कसं, म्हणाल्या. मगर घाटावर कधी आलीय का, आपल्या आज्यांनी इथे जन्म काढला. त्यांची चूक नाही. त्यांच्या आज्यांच्या वेळी मगरींना ही सवय कोणी लावली नव्हती. कारण सांगायला गेले की ललितचं नाव घ्यावं लागतं, आणि ते माझ्या तोंडून निघत नाही. वनखात्याच्या चौकीपर्यंत एकदा जाऊन आले. बाहेरच्या बाकावर बसले, उठले, परत आले. जंगली जनावराला असं खायला घालणं गुन्हा आहे, त्याला धरून नेतील. तो तुझा भाऊ आहे आणि माझं पोर आहे. गेल्या आठवड्यात घाटाच्या खालच्या अंगाला वाळूवर एक रुंद खूण दिसली, पोट घासत गेल्यासारखी. मी पायानं पुसली. का पुसली, ते मलाच कळत नाही.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. तुम्ही येऊ नका. गोटूला घेऊन निघूच नका. सासूबाई काही म्हणाल्या तर सांग, नवस आईनं बोलला होता, आई फेडेल. ललितला मात्र कळवू नकोस, तुम्ही येताय असंच त्याला शेवटपर्यंत वाटू दे. पौर्णिमेला तराफा मीच बांधणार आहे. रिकामा घेऊन मी पाण्यात उतरेन, तू जिथे उभी राहिली असतीस तिथे, बाकी कोणी बाई पायरी उतरायच्या आधी. ललित थाळी हातात घेऊन समोर असेल. त्याच्या थाळीशिवाय गावात दुसरी वाजत नाही, ही एकच गोष्ट माझ्या हातात आहे. मी त्याला सगळ्यांच्या देखत सांगणार आहे, की बाबा, एक तर थाळी खाली ठेव आणि ती का वाजवायची नाही ते गावाला तुझ्या तोंडानं सांग, नाहीतर तुझी आई पाण्यात उभी असताना वाजव. तो सांगेल. माझ्या पोटचा आहे, तो नक्की सांगेल. एवढी खात्री असती, तृप्ती, तर मी मालूबाईला चौकीचा रस्ता दाखवून ठेवला नसता, आणि तुला हे पत्रही लिहिलं नसतं. गोटूला माझ्या वाटचा एक पापा दे.

तुझीच,
आई