वानराच्या मेंदूतली जाड रेघ

बाबा, त्या वानरीबद्दल तुम्ही थोडे चुकला होतात, आणि हे तुम्हाला मीच सांगायला हवं. सौंसरच्या बस स्टँडमागचा खांब. मी शाळेतून येते आहे, खाली गर्दी, वर तारेला चिकटून मेलेलं पिल्लू आणि खांबाच्या टोकाशी त्याची आई. तुम्ही लाइनमन, पिल्लू खाली काढणं तुमचं पाच मिनिटांचं काम. पण तुम्ही लाइन बंद केलीत आणि नुसते उभे राहिलात. चक्कीवाला वैतागून ओरडतो, "भाऊ, काढा ना ते, किती वेळ लाइन बंद ठेवून राहिले?" तुम्ही म्हणता, "तिचं लेकरू हाय, तिले घेऊ द्या. तिले सगळं समजून राहिलं. आपल्यावानी बोलता येत नाही, इतकंच." तासाभराने ती पिल्लू छातीशी धरून गेली. मला तुमचा इतका अभिमान वाटला की ते वाक्य मी ब्रह्मवाक्य मानून बसले.

आता मी माणसांचे आणि म्हातारपणाने मेलेल्या वानरांचे मेंदू ताडून बघते. स्कॅनवरून संगणक आतले तंतू कुठून कुठे जातात ते रेघांनी दाखवतो. कानामागून कपाळाकडे जाणारा एक जुडगा माणसात चांगला जाड असतो, आपलं भाषा समजणं आणि बोलणं बरंचसं त्याच्यावर चालतं. गेल्या महिन्यात तो वानरातही तितकाच जाड दिसला. मी नाचायचीच बाकी होते. चित्र छापून आईला पाठवलं, फोनवर सांगितलं, बाबा खरं बोलले होते.

मग तुमची बोलणी आठवली. आठवीत मी लोधीखेड्याच्या लाइनचा नकाशा तुमच्या ऑफिसातल्या कागदावरून उतरवला होता. "तू जाऊन पाहिलं का?" असं विचारून तुम्ही मला सायकलवर घेऊन गेलात. लाइन तीन खांब आधीच कपाशीच्या शेतात संपली होती. "कागदावर कोणीबी लाइन ओढते," तुम्ही म्हणालात, आणि मी घरी येईपर्यंत तोंड फुगवून बसले. म्हणून आता मेंदूचे प्रत्यक्ष काप सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. जिथे तंतू एकमेकांना छेदतात तिथे संगणक वाट चुकला होता. खरा जुडगा बारीकच होता. त्या आईला काय समजत होतं हे कापांवरून कळत नाही, पण फरक फक्त बोलण्याचा, असं मी आता म्हणणार नाही. सगळ्या विभागासमोर उभी राहून मी माझी चूक सांगितली आणि चित्र काढून टाकलं. माझं काम मला येतं, बाबा.

आईला सांगणं मात्र जमलेलं नाही. तिने ते चित्र फ्रेम करून तुमच्या हार घातलेल्या फोटोशेजारी लावलंय. जामसांवलीच्या मारुतीला जाऊन नारळ फोडून आली. घरी येईल त्याला दाखवते, "ह्यांचं बरोबर होतं, पोरीनं मशीनवर पाहिलं." हे पत्र घरी नेलं तर ती मोठ्याने वाचायला लावेल, म्हणून प्रयोगशाळेच्या कपाटातच ठेवणार आहे. परवा फोनवर तिने विचारलं, "अजून काही सापडलं का वं?" मी म्हटलं, "हो आई, आणखी एक वानर तसंच निघालं."