कट् आवाज येईपर्यंत

आई, कॉम्प्युटर बंद पडला होता आणि तो मीच बंद पाडला होता. हे आधी सांगून टाकते, कारण मी आढेवेढे घेऊ लागले की तू शिलाईवरून मान वर न करता म्हणायचीस, "फोडनी नको देऊ, सांग." तर सांगते. मंगळवारी दुपारी मी त्याचं झाकण उघडलं, आत हात घातला, साफसफाई केली, झाकण लावलं आणि बटण दाबलं. आतला पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पडदा मात्र काळाच राहिला, आणि डब्यातून टूं, टूं, टूं असा एकसुरी आवाज येऊ लागला, जसं कोणीतरी आत अडकलंय आणि ओरडतानाही सभ्यता पाळतंय. त्या डब्यात तू होतीस. म्हणजे तुझा आवाज. जगात दुसरीकडे कुठेही तो नव्हता.

तुझ्या लक्षात असेल, एका उन्हाळ्यात मी शाळेतला टेपरेकॉर्डर घेऊन अकोल्याला आले होते. शाळेतला म्हणजे मी जिथे इंग्रजी शिकवायचे तिथला. तू स्वयंपाकघरात ज्वारी निवडत होतीस आणि मी समोर टेप ठेवून म्हणाले, शिलाई मशीन आणलीस ती गोष्ट सांग. ती कॅसेट पुढे बुरशीने गेली, पण त्याआधी एका स्टुडिओवाल्याकडून मी ती कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली होती. एकच प्रत. पेनड्राइव्हवर घेतली नाही, कोणाला पाठवली नाही, दादालाही नाही. त्याला दादा म्हणते म्हणून तू हसशील. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण तूच त्याला दादा म्हणायचीस, म्हणून तो सगळ्या गल्लीचा दादा झाला. अजून अकोल्यातच आहे. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो आणि मला फोनवर दुरुस्त करायची संधी सोडत नाही.

सोमवारी त्याचा फोन आला. "ताई, मायचा आवाज तुयापाशी हाय, अन् आमी एकडावही नाही आयकला. कायले दडवून ठेवून राहिली तू?" मी म्हणाले, दडवला नाही, नीट करून देणार आहे. "नीट कायले कराचा? माय काय बिघडली होती?" मी म्हणाले, एकदा ये जेवायला. "रविवारी येतो पेनड्राइव्ह घेऊन. चहा नको, जेवन नको. आवाज दे." आणि फोन ठेवला. तुझा मुलगा आहे. फोन ठेवताना हो-नाही विचारायची पद्धत तुमच्यात कोणालाच नाही.

"नीट करून" म्हणजे काय, ते त्याला कसं सांगायचं? तुलाही सांगणं अवघड जातंय. टेपवर तू छान रंगात आलेली आहेस. मशीनचं डोकं कडेवर घेऊन तिवश्याहून एसटीत चढलीस. कंडक्टर म्हणाला, बाई, याचं तिकीट लागन. तू म्हणालीस, "कडेवरच्या लेकराचं तिकीट घेतं काय तू?" सगळी गाडी हसली. आणि मग तू म्हणतेस, "पन मले कोनी जागा नाही देल्ली, तशीच उभी..." आणि तिथे मध्येच एक दुसरा आवाज येतो, कडक, वर्गातला. "आई, मले नाही, मला. नीट बोल, रेकॉर्ड होतंय." तो माझा आवाज. त्यानंतर क्षणभर नुसती ज्वारी सुपात सरकताना ऐकू येते. मग तू म्हणतेस, "बरं. मला... जागा दिली नाही." तहसील कचेरीत साहेबापुढे उभं राहून बोलावं तशी. मी दर वेळी तिथेच बंद करते. वर्षातून दोनदा ऐकायचे, तिथपर्यंत ऐकायचे, आणि बंद. पुढचं मी कालपर्यंत ऐकलं नव्हतं.

हे काही एकदाच झालं नव्हतं, आई. लहानपणी माझ्या कॉन्व्हेंटमध्ये पालकांना बोलावलं होतं तेव्हा मी तुला रस्ताभर बजावत नेलं होतं की तू तोंड उघडू नकोस, सिस्टर काही विचारतील त्यावर नुसती मान हलव. सिस्टर हिंदीत विचारत होत्या. घर में पढ़ती है? तू मान हलवलीस. काम में हाथ बँटाती है? मान हलवलीस. झूठ बोलती है? तू तितक्याच शांतपणे मान हलवलीस. दुसऱ्या दिवशी मला वर्गाच्या कोपऱ्यात उभं केलं, आणि मी घरी येऊन दप्तर आपटलं तर तू सुईत दोरा ओवत म्हणालीस, "तूच म्हनली होती मान हालव म्हनून." मला वाटलं तुला प्रश्न कळलाच नव्हता. तू जवळजवळ सगळी हिंदी कळणारी बाई होतीस, शेजारच्या खालाशी तुझी दिवसभर हिंदीत भांडणं चालायची, हे माझ्या तेव्हा डोक्यातच आलं नाही.

तर मंगळवारी मी तो माझा आवाज कापायला बसले होते. त्याचा प्रोग्रॅम असतो. आवाजाची एक रेघ दिसते, डोंगरासारखी वरखाली, आणि माउसने हवा तेवढा तुकडा निळा करायचा. माझं वाक्य चार सेकंदांचं होतं. निळं केलं. बाहेर ऊन असं की कूलरही गरम हवा फेकत होता, आणि डब्यातला पंखा मघापासून ट्रॅक्टरसारखा गुरगुरत होता. मी बोट डिलीटच्या कळीवर ठेवलं आणि कॉम्प्युटर धप्पकन बंद झाला. गरम होऊन. तो पुन्हा लावला की पुन्हा पाच मिनिटांत बंद. मग मी झाकण काढलं. कोणालाही बोलावलं असतं, पण येणारा माणूस आधी तो आवाज लावून बघणार, आणि परक्या माणसाने मला तुझ्यावर ओरडताना ऐकलेलं मला नको होतं.

आत तुझ्या मशीनच्या पोटात साचायचा तसाच भुगा होता, फक्त सुताऐवजी काळ्या मातीचा. ब्रशने झाडला. तिथे रॅम नावाच्या दोन हिरव्या पट्ट्या उभ्या खोचलेल्या असतात. त्या काढून त्यांची पिवळी कड खोडरबरने पुसायची असते, हे मी कुठेसं पाहिलं होतं. पुसली. परत ठेवल्या, हळूच, झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं तशा. आमच्या शाळेत दार लावतानाही आवाज व्हायचा नाही. सिस्टर म्हणायच्या, बाजूच्या खोलीत कोणी आजारी आहे असं समजून लावा. माझे हात तेव्हापासून तसेच आहेत. आणि मग ते टूं टूं सुरू झालं.

बुधवारी मी तो डबा चादरीत गुंडाळून ऑटोने दुकानात नेला. दुकानदाराने झाकणही उघडलं नाही. "काकू, बोर्ड गेला. नवीन घ्या आता. ह्याचे पार्ट येत नाही." मी विचारलं, न उघडता कळलं, तुम्ही पत्रिका बघता का? तो हसला. "काकू, तुमी उघडलं न, म्हनून कळलं. आतमधल्या डेटाचं बी सांगता येत नाही. झटका बसला असन तं गेला समजा. आठ दिवस ठेवून जा, पाहू." पस्तीस वर्षं मी वर्गात मुलांना सांगितलं की न वाचता उत्तर लिहू नका, आणि हा माणूस न वाचता पेपर तपासत होता. मी चादर पुन्हा गुंडाळली. तो म्हणाला, "राग नका मानू, काकू." मी म्हणाले, राग मानायला तुम्ही काही केलंच कुठे आहे.

घरी आल्यावर मी दादाला फोन केला. सगळं सांगितलं; फक्त का उघडलं ते सोडून. मला वाटलं तो चिडेल. पण तो म्हणाला, "माय मशीन कशी लावे, इसरली काय तू?" मी म्हणाले, मी कुठे बघत होते, मी अभ्यास करत होते. "म्या पाहिली. माय सगळं एकदम नाही लावे. एक पार्ट लावे, चाक हातानं फिरवून पाहे. मंग दुसरा. अटकलं की तिले मालूम, शेवटचा लावला तोच." मग मोटारवाल्याच्या आवाजात, "समदं काढ. एकच पट्टी लाव. चालू कर. नाही झालं, बंद कर, दुसरी लाव. अन् दर खेपेस भिंतीतली पिन काढत जाय, नाही तं मीच यीन तुले उचलाले."

आई, काल सकाळी मी तुझी जुनी सुती साडी टेबलावर अंथरली. ती कोणती ते सांगत नाही, तू म्हणशील चांगली साडी फरशी पुसायला काढली. त्यावर स्क्रू ओळीने मांडले, ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने, जसे तू मशीनचे सुटे भाग रॉकेलचा बोळा फिरवून मांडायचीस. माझ्या लक्षात होतं तर. अभ्यास करताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून मी बघत होते म्हणायचं. पिन काढली, दोन्ही पट्ट्या काढल्या, पहिली लावली, पिन लावली, बटण दाबलं. टूं टूं. पिन काढली. दुसरी लावली. टूं टूं. खाच बदलली. टूं टूं. मला वाटलं दोन्ही गेल्या, आणि मी तिथेच बसून राहिले, गुडघ्यावर हात ठेवून. तेवढ्यात दिसलं की खाचेच्या दोन टोकांना दोन पांढऱ्या कड्या असतात, कानांसारख्या, आणि पट्टी नीट बसली की त्या आपोआप मिटतात. माझ्या दोन्ही उघड्या होत्या. इतक्या वेळा मी ती पट्टी लावली होती आणि एकदाही ती बसली नव्हती. मी ती नुसती टेकवत होते.

मला तुझं एक वाक्य आठवलं. सुट्टीत तू मला बॉबिन बसवायला दिली होतीस आणि मी ती चिमटीत धरून घाबरत घाबरत सरकवत होते. "हात उसने आनले काय वो? कोंबडीचं पिल्लू नाही ते. दाब." मी दाबली नाही. मला वाटलं मोडेल, आणि मोडली तर माझ्यावर येईल. मशीन तुझी होती, भीती माझी, आणि वर मीच तुला म्हणाले होते की मला हे असलं काम शिकायचं नाही. बॉबिन घेतलीस आणि अंगठ्याने बसवलीस.

मग मी दोन्ही अंगठे त्या पट्टीच्या दोन टोकांवर ठेवले आणि दाबलं. हिरवा बोर्ड खाली वाकला. तो वाकला तेव्हा माझे हात आपोआप मागे येऊ लागले, आणि मी त्यांना येऊ दिलं नाही. एका बाजूला कट् झालं. मग दुसऱ्या बाजूला कट्. इतका मोठा आवाज की सिस्टरांनी मला वर्गाबाहेर काढलं असतं. बटण दाबलं. एकदाच टूं झालं, आणि पडदा उजळला.

फाइल होती. मी झाकण न लावताच ती लावली, पंखा समोर उघडा फिरत होता. कंडक्टर आला, गाडी हसली, मी तुला दुरुस्त केलं, ज्वारी सरकली. या वेळी बंद केलं नाही. पुढे तू चांगली सहा-सात मिनिटं बोललीस, पण ती तू नव्हतीस. "नंतर आम्ही अकोल्याला आलो, तिथे शिवणकाम सुरू केले," असं, पाठ केल्यासारखं. मग मी उठून गेल्याचा आवाज आहे, बहुतेक पाणी प्यायला. टेप चालूच राहिलेली. थोडा वेळ काही नाही. मग तुझ्या बांगड्या जवळ येतात, अगदी जवळ, आणि तू टेपरेकॉर्डरच्या तोंडाशी तोंड नेऊन, हळूच, हसू दाबत म्हणतेस, "मले. मले. मले. घे." आणि पुन्हा सूप.

मी तिथे बसून हसले आणि मग हसणं बिघडलं. झूठ बोलती है या प्रश्नाला तू मान हलवलीस ते आठवलं. तुला प्रश्न कळला होता, आई. चांगलाच कळला होता.

आता शनिवारची दुपार आहे. उद्या दादा येईल. फाइल कापलेली नाही. आहे तशी त्याच्या पेनड्राइव्हवर जाईल, माझ्यासकट. तो ऐकेल, आणि मला जन्मभर "मले नाही, मला" म्हणून चिडवेल, आणि त्याचा तो हक्क आहे. हे पत्र तुला कुठे पाठवणार? जिवंतपणीही माझी पत्रं तू दादाकडून वाचून घ्यायचीस, जोडाक्षरं तुला अडायची, आणि यातली एक गोष्ट त्याने वाचायला मला नको आहे. म्हणून हे इथेच राहील. ती गोष्ट अशी: दुकानदार म्हणाला होता ना, की सगळं गेलं समजा, तेव्हा मी त्याच्यावर चिडले, चादर ओढून घेतली, ऑटोत बसले. पण त्याआधी, त्याने ते म्हटल्याबरोबर, एक श्वासभर, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.