तांबडा बैल आणि पाच वर्षांची पदवी

कंपाला,
शनिवार

प्रिय येरिया,

तुझ्या मुलीची सही न घेता मी परत आले आहे. हे फोनवर सांगितलं तर तू फोन केळीच्या घडावर ठेवून बैलाशी बोलत राहशील, म्हणून लिहिणं भाग पडलं. तुझी, टॅबिथाची, पोरांची, गुरांची, बागेची आणि छपराची खुशाली मी विचारली असं समज. सगळं ठीक आहे असं तू म्हणालास, असं मी समजते. (एरवी एवढ्याला आपल्याकडे वीस मिनिटं जातात.) माझा डावा गुडघा दुखतो. थोरल्या बहिणीचे आशीर्वाद आहेतच. आता मुद्द्यावर येते.

नासालीने संख्याशास्त्राच्या पाच वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमात नाव घातलं, तेव्हा तो कागद मीच तुला वाचून दाखवला होता: बी.एस्सी. आणि एम.एस्सी. सलग, मध्ये थांबा नाही, दोन्ही पदव्या पाचव्या वर्षाच्या शेवटी. त्यातलं तू ‘दोन पदव्या’ एवढंच ऐकलंस. शेजारच्या लुटायाचा मुलगा तीन वर्षांत पदवीचा झगा घालून घरी आला होता, म्हणून तूही तीनच मोजलीस. जानेवारीचा मंडप ठरवलास, तीनशे पत्रिका छापल्यास (त्यावर ‘दुहेरी पदवीधर’ हे शब्द मुलीच्या नावापेक्षा मोठे), आणि तांबड्या बैलाला वेगळा बांधून चारायला लागलास. मग कळलं की जानेवारीत काहीच मिळायचं नाही. मिळवायचंच असेल तर मुलीने अभ्यासक्रम सोडल्याचा फॉर्म भरायचा आणि नुसती बी.एस्सी. घेऊन बाहेर पडायचं. शिष्यवृत्ती तिथेच संपणार, जागाही जाणार, आणि पुढे कधी एम.एस्सी. करावंसं वाटलं तर पुन्हा रांगेत, स्वतःच्या खर्चाने. मुदत शुक्रवार दुपारी बारापर्यंत. सोमवारी तू तो फॉर्म माझ्या हातात कोंबलास, कारण भाचीने आत्याचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो, हे तुला माहीत आहे. बापाचा पडतो, हेही तुला माहीत आहे.

मी विभागात पोचले तेव्हा नासाली कागदांचा गठ्ठा घेऊन धावत येत होती. मला बघून तिथेच सिमेंटवर गुडघे टेकून तिने नमस्कार केला (वळण चांगलं आहे, ते आईचं, टॅबिथाचं) आणि कशाला आलात हे तिने विचारलंसुद्धा नाही. म्हणाली, “सही करते आत्या, तुम्ही सांगितलं म्हणजे झालं. पण शुक्रवारला अजून वेळ आहे. माझ्या पाहणीतली एक मदतनीस मलेरियाने आडवी झालीय आणि तिची चाळीस घरं राहिलीत. तुम्ही घ्याल?” मी म्हटलं, मी सही न्यायला आलेय, घरं मोजायला नाही. तर म्हणते, “तुम्ही जन्मभर हजेरी घेतलीत. चाळीस घरं म्हणजे तुमचा एक वर्ग.” मुलगी लबाड आहे. हे तिने आपल्या घराण्याकडून घेतलं.

काम असं होतं. ज्या घरांनी पदवीची मेजवानी केली त्यांना विचारायचं, की तुम्ही बैल कापला खरा, पण ज्याच्यासाठी कापला त्याचं नाव पदवीच्या यादीत नव्हतं, असं झालं का? आता हे कोण कबूल करील? म्हणून या लोकांनी एक युक्ती काढली आहे. घरमालकाने माझ्याकडे पाठ करून पाचशे शिलिंगाचं नाणं उडवायचं. नाण्यावरचा करकोचा वर आला तर काहीही घडलेलं असो, ‘हो’ म्हणायचं. दुसरी बाजू आली तर खरं सांगायचं. मला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ ऐकू येतं. तो ‘हो’ नाण्याचा की बैलाचा, हे त्या माणसाला आणि देवालाच ठाऊक. मला आधी हा शुद्ध वाह्यातपणा वाटला. पण मुख्याध्यापिका म्हणून मी आयुष्यभर पालकांना सरळ प्रश्न विचारले आणि सरळ उत्तर चारदा मिळालं, तेव्हा वही उचलली.

पहिल्या दिवशी सात घरांतली माणसं मागच्या दाराने पळाली. हातात वही घेतलेली बाई फाटकाशी दिसली की इथे कोणाच्या तरी समारंभाची वर्गणी आली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आठव्या घरी एका म्हाताऱ्याने दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “बाई, यंदा मी सोळा लग्नांत आणि नऊ पदव्यांत आहे. आता मी मेलो असं लिहा.” मग मी वही कोबीच्या पिशवीत लपवली. त्यानंतर सगळे मला कोबीवाली समजले, पण निदान घरात घेतलं.

म्पांगा नावाचे एक निवृत्त जकात अधिकारी भेटले. नाणं बघून त्यांना अपमान वाटला. म्हणाले, “नाणं कशाला? मुलगा दोन विषयांत नापास झाला होता आणि मेजवानी झकास झाली. लिहा!” मी म्हटलं, असं चालणार नाही, आधी उडवा. त्यांनी कुरकुरत पाठ फिरवली, उडवलं आणि म्हणाले, “हो.” नाण्यामुळे की मुलामुळे, हे मला विचारता येत नव्हतं. मी नुसतं ‘हो’ लिहिलं. एका घरी स्वयंपाक चालला होता, तर नाणं थेट शेंगदाण्याच्या रश्श्यात पडलं. बाईने पळीने काढून निरखलं. “आत्याबाई, करकोचा आहे का काय कळत नाही, नुसते शेंगदाणे दिसतात.” धुऊन पुन्हा उडवायला लावलं. नियम म्हणजे नियम. (जेवूनच यावं लागलं. मटोकेची केळी छान मऊ शिजली होती.)

गुरुवारी हिशेब झाला. सगळ्या मदतनीस मुलींचे मिळून दोनशे जण, ‘हो’ एकशे एकतीस. नाण्याने साधारण शंभरांना ‘हो’ म्हणायला लावलं असणार. उरलेल्या शंभरांत खरे ‘हो’ एकतीस. म्हणजे दर तीन मंडपांतला जवळजवळ एक मंडप पदवीशिवाय उभा होता, आणि एकाही माणसाचं नाव उघडं पडलं नाही. मी कागदावर दोनदा करून पाहिलं. बरोबर आहे.

मी नासालीला म्हटलं, हे एवढं येतं ना तुला, मग आणखी दोन वर्षं कशाला? तर म्हणाली, “तीन वर्षांत मी मोजायला शिकले. पण पाठ फिरवून माणसं नियम पाळतात, हे मी नुसतं धरून चाललेय. करकोचा आला तरी कोणी लाजून ‘नाही’ म्हणालं असेल तर माझा आकडा किती चुकला? ते पुढच्या दोन वर्षांत आहे. आत्या, बाबांना पदवी हवीय की मंडप?” मी म्हटलं, आधी तोंड सांभाळ. तिने सांभाळलं. मग फॉर्म पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं. “शब्द दिला होता,” म्हणाली. डोळे मात्र फॉर्मवर नव्हते. मी तो फॉर्म काढून घेतला.

तेव्हा ऐक. मंडप दोन वर्षांनी घाल. बैल तोवर आणखी भरेल. लुटायाने विचारलं तर सांग, त्याच्या मुलाला एक झगा मिळाला, माझ्या मुलीला दोन मिळायचे आहेत, शिंपी वेळ घेतोय. पत्रिकांवरचं साल हाताने बदल; तीनशेच तर आहेत, आणि तुझं अक्षर सुधारायलाच हवं.

तुझी बहीण,
एसेझा

ता. क. तरी बाप तू आहेस. पुढे शिकायला पालकांची संमती लागते, ती द्यायची की नाही हे टॅबिथाशी बोलून सावकाश ठरव. माझा आग्रह नाही.

ता. क. २. दोनशेवी मी होते. एक माणूस कमी पडला म्हणून नासालीने मलाच नाणं दिलं. करकोचा आला नाही. मी ‘हो’ म्हटलं. चौऱ्याऐंशी साली आपल्या अंगणात माझ्यासाठी बैल कापला, तेव्हा तू आठ वर्षांचा होतास आणि काळीज कोणी खायचं म्हणून रडला होतास. माझा एक पेपर राहिला होता. संख्याशास्त्राचा. पुढच्या जूनमध्ये सुटला. वडिलांना मी कधीच सांगितलं नाही, आणि ते मरेपर्यंत त्या मेजवानीच्या गोष्टी सांगत राहिले. हे तू टॅबिथाला सांगायचं नाहीस.

ता. क. ३. नोंद ठेवावी म्हणून लिहिते.
शुक्रवार, सकाळी अकरा चाळीस. विभागाच्या कारकुनाकडे दिलं: पुढील दोन वर्षांच्या शिक्षणाला संमतीपत्र, एक. पालकाची सही: एसेझा, मुलीची आत्या. पोच घेतली.
या पत्रासोबत तुला परत: अभ्यासक्रम सोडण्याचा फॉर्म, एक, कोरा.