चहावरची साय

शुक्रवार, भोर

आईचं वर्षश्राद्ध उरकून संध्याकाळी विंझरहून आले. दुपारी तिथं जेवताना सहज म्हणाले, आई गेली तेव्हा उशाशी कान तुटलेल्या कपात चहा होता, वर साय धरलेली. धाकटा दत्ता घास हातात धरून बघतच राहिला. "आक्का, तू कुठं व्हतीस हितं? भोरातच व्हतीस. म्याच फोन केला तुला."

असं कसं? मला तर सगळं दिसतंय. ती साय, तिला पडलेली घडी, आईच्या पदराला लागलेली हळद. दत्ता होता तिथं, पण साय होती का, ते त्याला आठवत नाही.

आत्ता पुन्हा डोळे मिटले. तोच कप, तीच साय. आणि दारात दत्ता, मोबाईल कानाला लावून मलाच सांगतोय, "आक्का, आई गेली."