मी हात लावला नव्हता

मी, इंद्रभान वल्द पुंजाजी चिंचोले, वय अदमासे अठ्ठेचाळीस, धंदा शेती, पूर्वीचा धंदा फुटबॉल, साकीन उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, वऱ्हाड, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. दोन महिन्यांपासून मला चार पावलांत दम लागतो आणि गुडघा तर केव्हाच कामातून गेला. पण डोके जागेवर आहे, आणि मृत्युपत्राला कायद्याने डोकेच लागते, असे हा मसुदा तपासणारे आमच्या शाळेचे शेषराव मास्तर म्हणतात. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही, दारू पाजलेली नाही. राग आहे. तो माझा स्वतःचा आहे आणि पूर्ण शुद्धीतला आहे.

मास्तर म्हणाले, फुटबॉल हा धंदा होत नाही, तो खेळ आहे, ते शब्द काढा. मी काढणार नाही. नऊ वर्षे मी चेंडू मारण्याचा पगार खाल्ला. मिलच्या रजिस्टरात माझा हुद्दा 'तेलवाला' होता, पण एकाही साच्याला, म्हणजे मागाला, मी कधी तेल घातले नाही. माझे काम एकच, चेंडू गोलात घालणे. त्याला सेंटर फॉरवर्ड म्हणतात. ज्या मिलने मला ठेवले तिचे नाव मी इथे घेत नाही, कारण तिने माझे नाव ज्या रीतीने कागदावर घेतले ते पुढे येईल.

कलम १. उंद्रीचे दोन खणांचे घर, मागचा गोठा, भांडीकुंडी आणि दुभती म्हैस ही माझी पत्नी रुखमाबाई हिची. मी मैदाने गाजवत होतो तेव्हा या घराचे छप्पर तिने स्वतः शाकारले. लोक मला खांद्यावर घेत होते तेव्हा तिच्या खांद्यावर पाण्याचा हंडा होता. हे तिने मला एकदाही बोलून दाखवले नाही, म्हणून मी लिहून दाखवतो.

कलम २. विहिरीजवळचे साडेतीन एकर शेत माझी मुलगी कोकिळा हिचे. त्यात वांगी, मिरची लावावी की कपाशी, हे तिने ठरवावे. माझे थोरले बंधू वामनराव यांनी त्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाय ठेवू नये. मी परगावी असताना त्यांचा नांगर दरसाल एक एक तास, म्हणजे नांगराची एक एक रेघ, आमच्या बाजूला सरकत आला आहे. मी सेंटर फॉरवर्ड होतो, भाऊ. रेष कोणी कधी ओलांडली हे मला बरोबर दिसते.

कलम ३. मात्र वामनरावांना अगदीच कोरडे ठेवणे बरे नाही. माझे खिळ्यांचे बूट त्यांना द्यावेत. "मोठा माणूस पोट्टे-सोट्टे घेऊन चेंडूमांगं पयते अन् त्याले म्हने पगार भेटते," असे ते पारावर बसून सांगत असत. त्यांनी ते बूट घालून मे महिन्याच्या उन्हात आमच्या शेताला एक फेरा मारावा. मग बोलावे.

कलम ४. मैदानात मिळालेली माझी सात बिल्ले कोकिळेने घ्यावीत, असे लिहिले होते. मास्तरांनी 'सात बिल्ले घ्यावेत' असे सुधारले. व्याकरण त्यांचे, बिल्ले माझे. घ्यावेत.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. हे कलम रागाने लांबले आहे, ते वाचणाऱ्याने पूर्ण वाचावे.

सन १९२२ च्या जानेवारीत नागपुरात शील्डची अखेरची मॅच होती. समोर कामठीची गोरी पलटण, इकडे आमची मिल. दोन्ही बाजूंचा एकेक गोल झालेला. वेळ संपत आली असता आमचा डाव्या बाजूचा गडी शालिग्राम सुरडकर, राहणार धाड, याने गर्दीतून चेंडू माझ्याकडे लोटला. तो माझ्या छातीवर आला, खाली पडायच्या आत मी मारला, आणि गोलकीपर जागचा हलला नाही. पाच हजार माणूस ओरडला असेल. तेवढ्यात रेफरी साहेबाने शिट्टी फुंकली, माझ्याजवळ आला आणि इंग्रजीत लांबलचक काहीतरी विचारले. मी म्हणालो, "हाव जी."

इथे मास्तरांनी 'हाव' खोडून 'होय' केले होते. मी ते पुन्हा खोडून 'हाव' लिहिले आहे, कारण सगळा घात याच शब्दाने झाला. आमच्याकडे मोठ्या माणसाने काही विचारले की आधी 'हाव जी' म्हणतात. त्याचा अर्थ, ऐकतो आहे, बोला. विचारणे कळले नसले तरी 'हाव जी'. आईने हाक मारली तरी तेच आणि पाटलाने दरडावले तरी तेच. मागाहून कळले की साहेबाने विचारले होते, 'चेंडूला हात लावलास काय?' साहेबाला आमच्या मुलखातला तेवढा एक शब्द ठाऊक असावा. त्याने मान डोलावली, गोल रद्द केला, आणि प्रामाणिकपणाबद्दल माझी पाठ थोपटली! मी हसलो. मला वाटले, गोलाबद्दल थोपटली.

जादा वेळात पलटणीने गोल केला आणि आम्ही मॅच हरलो. मिलचे सेक्रेटरी रेषेवर उभे होते. ते पुण्याचे. त्यांना इंग्रजी येत होते, आणि चार वर्षे आमच्यात काढल्याने 'हाव जी'ही पुरते कळत होते. आमच्या त्या बोलण्याच्या नकला करून ते चहाच्या वेळी मंडळींना हसवत. एक वाक्य बोलले असते तर काम झाले असते. साहेबाशी वाद नको म्हणून त्यांनी तोंड उघडले नाही. उलट मालकांना लिहून दिले की, खेळाडूने स्वतः कबुली दिल्यामुळे शील्ड गेली. आठव्या दिवशी मला दाखला देऊन काढले.

दाखला इंग्रजीत होता. तो घेऊन मी मलकापूरच्या एका कापसाच्या जिनात पहाऱ्याची नोकरी मागायला गेलो. तिथल्या बाबूने वाचला आणि मुनीमजींना मराठीत सांगितले, "यानं हात लावला म्हून काढला." मुनीमजींनी आधी तिजोरीकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी चेंडू, मैदान, रेफरी असे सगळे सांगत होतो. ते म्हणाले, "हाव हाव, समजलं."

तेव्हापासून मी हातलाव्या. मलकापूरपासून धाडच्या बाजारापर्यंत ज्यांनी फुटबॉल कशाला म्हणतात हे पाहिले नाही, त्यांनाही हे नाव ठाऊक आहे. मी दुकानात शिरलो की दुकानदार गल्ल्यावर हात ठेवतो. कोकिळेची सोयरीक दोनदा मोडली. दुसऱ्या वेळी तर सुपारी फुटायची तेवढी राहिली होती, आणि मुलाची आत्या उठून म्हणाली, "चोराच्या घरची पोरगी आमाले नोको." चोराच्या! ज्याने उभ्या जन्मात दुसऱ्याच्या शेतातली काकडी तोडली नाही, त्याच्या! मी मेलो तर हे नाव पोरीच्या पदरात पडेल. मला मरणाची भीती नाही, याची आहे.

म्हणून असे ठरवतो की, माझ्या तेरवीच्या पंगतीत पाने वाढून झाल्यावर शालिग्रामाने उभे राहून मोठ्याने सांगावे: 'इंद्रभानने हात लावला नव्हता, गोल खरा होता.' तो माझ्यापासून दोन हातांवर होता. त्याने पाहिले आणि मिलच्या नोकरीपायी सोळा वर्षे मूग गिळून बसला. तो बोलेपर्यंत कोणी घास उचलू नये, अन्न निवले तरी चालेल. शालिग्रामाला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीला चांगला, म्हणून त्याला आज मुद्दाम धाडहून बोलावले आहे.

कलम ६. हे कलम आधी ठरलेले नव्हते. मास्तर आणि शालिग्राम हे दोघे साक्षीदार; वरचा मजकूर मास्तरांनी वाचून दाखवला. रुखमाबाई दारात उभी होती. पाचवे कलम संपल्यावर शालिग्रामाने सहीसाठी घेतलेला टाक खाली ठेवला. पुढचे बोलणे जसे झाले तसे उतरवतो.

तो म्हणाला, "इंद्रभान, मले असं बोलता येत नाई."

मी म्हणालो, "काऊन बे? आता तं तुही नोकरीबी संपली."

"चेंडू तुह्या छातीलेच लागला. पन त्याच्या आंधी माह्या हाताले लागला होता. गर्दीत कोनाले दिसलं नाई. रेफरीनं हात पाह्यला, कोनाचा ते त्याले समजलं नाई. तुले इचारलं, अन् तू हाव म्हनला."

माझ्याआधी रुखमाबाई बोलली. "भाऊजी, तुमी दिवाईले आमच्या घरी येत होते. माह्या हातचं खात होते. पोरीची सोयरीक मोडली तवाबी तुमी इथंच बसेल होते."

"हाव वैनी," तो म्हणाला, आणि रडू लागला.

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. उठलो असतो तर दिलीही असती. दम पुरला नाही. सोळा वर्षे ज्या गोलासाठी मी जगाशी भांडलो तो गोल नव्हताच. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला गोल, आणि साहेबाची शिट्टी बरोबर होती. पण जे झाले ते झाले. पाचव्या कलमातले 'गोल खरा होता' हे शब्द मी साक्षीदारांसमोर माझ्या हाताने खोडले आहेत. खोटा गोल मला नको. 'हात लावला नव्हता' हे शब्द कायम.

शालिग्रामाने विचारले, "आता मले साक्षीतून काढशीन?"

मी म्हणालो, "काऊन काढू? खरं बोलनारा साक्षीदार मले आज भेटला. कर सही. अन् तेरवीपर्यंत थांबू नोको. येत्या बाजारी धाडले उभा राहून सांग, मी जिता हाओ तवर."

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खाडाखोडीसह कबूल केले.

इंद्रभान पुंजाजी चिंचोले, सही दस्तुरखुद्द

साक्षीदार: शेषराव पऱ्हाड, शाळामास्तर, साकीन उंद्री. खाडाखोड माझ्यासमोर झाली.

साक्षीदार: शालिग्राम किसनराव सुरडकर, साकीन धाड. चेंडूला हात लागला तो माझा. त्याच हाताने ही सही केली.

मुक्काम उंद्री, तारीख ९ माहे मार्च सन १९३८