उजव्या गुडघ्याची वाटी

धुळे,
२१ फेब्रुवारी १९५७

तीर्थस्वरूप अक्कास,
पितांबरचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुझी कंबर, तुझी म्हैस आणि तुझा अबोला, तिन्ही नेमाने चालू असतील असं धरतो.

प्रथम एक गंभीर तक्रार. गेले नऊ दिवस मी थंड चहा पितो आहे. कॉलेजचा शिपाई झुलाल माझ्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही. कपबशी बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतो आणि हाकही न मारता निघून जातो. प्राचार्यांकडे लेखी अर्ज करावा अशी ही बाब आहे. पण अर्जात कारण लिहावं लागेल, आणि ते मला तुझ्याखेरीज कोणाला लिहिता येत नाही.

ज्यांच्या हाताखाली मी हाडांचं काम केलं त्या मुंबईच्या साहेबांचा ग्रंथ छापून आला. गुडघा झिजतो तेव्हा वरची मऊ गादी आधी जात नाही, तिच्याखालचं हाड आधी दगडासारखं घट्ट होतं, असं मी सहा वर्षं त्यांना सांगत होतो आणि ते हसत होते. आता तेच त्यांचं तिसरं प्रकरण आहे. माझं नाव आभारात आहे, हाडं उकळून स्वच्छ करून दिल्याबद्दल. गावाला मी हाडांचा डॉक्टर वाटतो. अक्का, मी उभ्या जन्मात एक गुडघा बरा केलेला नाही.

त्या प्रकरणात रुग्णांचा तक्ता आहे. क्रमांक एकतीस: स्त्री, वय अंदाजे साठ, चाळीस वर्षं जात्यावर दळण, उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही. ती आपली माय. ओसरीवर खडूच्या रेघा ओढून मी तिला सात वेळा चालवलं होतं, तुला आठवत असेल. आठव्या वेळी ती म्हणाली, "लिहून झालं का रे पितांबर? मंग आता बसू का?" मी म्हटलं, अजून एकदा.

तुझं पत्र पोचलं. उखर्डूच्या पोरीच्या लग्नाला तू अक्षता टाकायला जाणार नाहीस, का, तर चुलतभाऊ असून त्याने मायचं हाड हरवलं. बरोबर आहे. तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडायला निघालो तेव्हा तू त्याला बजावलं होतंस: मायच्या गुडघ्याच्या दोन्ही वाट्या आधी शोध, त्या तापीत गेल्या म्हणजे पुढच्या जन्मी तरी ती धड चालेल. तो पायाकडून डोक्याकडे एकेक हाड वेचून परातीत मांडत गेला. डावी वाटी मिळाली. उजवी मिळेना. गावात त्याला दोन वर्षं ऐकवतात, धांदरट म्हणून.

उजवी माझ्या खिशात होती.

तो दूध शिंपडायला वळला तेव्हा मी ती उचलली. ज्याच्या दळणाचा, पाण्याच्या खेपांचा, कापूस वेचण्याचा रोजचा तपशील मला पाठ होता, असा जगात एकच गुडघा होता. म्हटलं, साहेबांच्या तोंडावर हा पुरावा फेकू. पण भाजलेल्या हाडावरून त्याचा मूळ घट्टपणा सांगता येत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो. घरी पोचेपर्यंत मला ते आठवलंही होतं. तरी तुझ्यासमोर परात उतरवताना मी गप्प राहिलो. तू उखर्डूला बोललीस, तेव्हाही.

नऊ दिवसांपूर्वी झुलालने टेबलाचा खण आवरताना ती पाहिली. बकरीचं हाड आहे म्हटलं. तो म्हणाला, "साहेब, बकरीनं हाडूक लुगडाना चिंधीमा कोन गुंडाळस?"

काल उखर्डू लग्नाची पत्रिका घेऊन इथे आला. तू येणार नाहीस म्हणून मी तरी यावं, एवढंच मागणं. मी खण उघडून चिंधी त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. बरं झालं असतं. बराच वेळ वाटी उलटसुलट करत बसला.

"मले वाटे, माह्याच हातून निसटली," म्हणाला. "तीनदा जाऊन मी ती जागा चाळली रे भाऊ." मग विचारलं, "तुले कामाले तरी आली का?"

मी म्हणालो, "नाही."

हे पत्र तोच आणतो आहे. तू ते त्याच्या हातून घेतलंस आणि त्याला ओट्याखाली उभा ठेवून वाचते आहेस, हे मला इथून दिसतं. चिंधी त्याच्या खिशात आहे. तापीत त्यानेच सोडावी, तू सोबत जावंस. मी येत नाही. त्या हाडाला माझा हात पुरे झाला. लग्नाला मात्र येईन. तिथे चारचौघांत वाटी कोणी चोरली ते सांगेन. तू मला ओट्यावर घ्यायचं की नाही, ते त्यानंतर ठरव.

आधी त्याला आत घे. पाणी दे.

क्रमांक एकतीसचा मुलगा,
पितांबर