कॅब्रेवाली

ब्रिस्टल, १४ मार्च २००५

शालनताई, आधी तुझ्या दुखऱ्या पायांना नमस्कार.

कॉन्व्हेंटच्या गॅदरिंगची तालीम करून आलीस की तू मागच्या पायरीवर घोटा चोळत बसायचीस. मी बाबांना सांगितलं, "ताई कॅब्रे शिकते." मी नऊ वर्षांची होते. फ्रॉक घालून नाचणं म्हणजे कॅब्रे, एवढंच मला ठाऊक. बाबांनी तुझं नाव शाळेतून काढलं आणि तो शब्द परत घ्यायला मी कधीच धजले नाही.

शेजारच्या फ्रेंच चित्रकाराने मला त्याने काढलेलं एक पेन्सिल-स्केच दिलं. नाच संपवून बसलेली कॅब्रे डान्सर घोटा चोळते आहे. अगदी तू!

सुश्रुतने ते कपाटामागे टाकलं. "आई, घरात देव आहेत. ही कॅब्रेवाली हॉलमध्ये नको." पोटच्या मुलाच्या तोंडून बाबा बोलले गं.

पुढच्या महिन्यात माझं छोटंसं ऑपरेशन आहे, काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

काही झालंच तर पाटल्या सुनेला, घड्याळ सुश्रुतला. स्केच तुला. त्याच्या पाठीमागे मी लिहिलंय, "हिची काही चूक नव्हती." दिवाणखान्यात लाव.

तुझी चहाडखोर
कुमुद